टेंडर रद्द, टेंडर ओपन

क्रूझच्या बुकिंगच्या कागदावर प्रत्येक बंदरापुढे जहाज पोचायची आणि सुटायची वेळ होती. मिकोनोस, सँटोरिनी आणि कोटोर या तीन नावांशेजारी बारीक अक्षरात आणखी एक शब्द होता : टेंडर. मी तो वाचला आणि पुढे सरकले. आईने चष्मा पुसून पुन्हा वाचला. तिची सगळी नोकरी बांधकाम खात्यात, टेंडरांच्या फायली सांभाळण्यात गेलेली. "उतरायचंसुद्धा टेंडर काढतात का गं हे लोक?" म्हणाली, आणि आम्ही हसलो. हसण्यापेक्षा तेव्हाच चौकशी केली असती तर बरं झालं असतं.

कारण आई ७२ वर्षांची आहे आणि तिचा उजवा गुडघा बदललेला आहे. सपाटीवर ती माझ्यापुढे चालते. पायरी आली की मात्र तिचा नियम ठरलेला : चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी. फिजिओथेरपीवालीने घोटून घेतलेला हा नियम ती कधी मोडत नाही. दोन वर्षं झाली, आता तिला विचारही करावा लागत नाही.

अथेन्सजवळच्या पिरेयसला जहाजात चढलो तेव्हा ते धक्क्याला लागलेलं होतं. एका मोठ्या इमारतीत शिरावं तसे शिरलो. रुंद पूल, दोन्हीकडे कठडे, पायाखाली जाड रबर, दारात कार्ड टेकवलं की टिंग. समुद्र कुठे आहे हे बघायला वाकावं लागलं. त्यामुळे उतरतानाही असंच असणार, हे आम्ही गृहीत धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिकोनोस. खोलीत आदल्या रात्री एक कागद येऊन पडला होता, तो आम्ही नीट वाचला तो नाश्त्याच्या वेळी. जहाज किनाऱ्यापासून दूर थांबणार, तिथून छोट्या बोटीने नेणार, त्या बोटीचं नाव टेंडर, आणि त्यासाठी थिएटरमध्ये येऊन नंबराचं तिकीट घ्यायचं. तिकीट फुकट, पण नंबराशिवाय खाली सोडत नाहीत. आम्ही पोचलो तेव्हा नऊशे खुर्च्यांचं थिएटर निम्मं भरलेलं. टोप्या, पाठपिशव्या, उन्हाच्या मलमाचा वास. आम्हाला १४ नंबर मिळाला.

यात आधी कोण जातं, तेही तिथेच कळलं. जहाजाकडूनच सहल घेतलेले सगळ्यांत आधी. मग मोठ्या खोल्यांवाले आणि त्याच कंपनीच्या जहाजांवर वर्षानुवर्षं फिरणारे जुने भिडू. मग १, २, ३ करत आम्ही. दोन-तीन तासांनी गर्दी ओसरली की 'ओपन टेंडर' जाहीर होतं. मग नंबर नको, ज्याला हवं त्याने खाली जावं. "ओपन टेंडर" ऐकून आई खुदकन हसली. "चला, एवढं तरी नियमात आहे."

जहाजांचं वेड असलेल्या माझ्या नवऱ्याला अशा रिकाम्या वेळात माहिती सुचते. तो सांगायला लागला की हा प्रकार नवा नाही. १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिक फ्रान्समधल्या शेरबूरला आलं तेव्हा तिथल्या बंदरात त्याच्या मापाचा धक्काच नव्हता. माणसं आणि सामान न्यायला दोन टेंडर बोटी ठेवल्या होत्या. पहिल्या-दुसऱ्या वर्गासाठी 'नोमॅडिक', तिसऱ्या वर्गासाठी 'ट्रॅफिक'. त्यातली नोमॅडिक अजून आहे, बेलफास्टला दुरुस्त करून ठेवली आहे, आत जाऊन बघता येते. आई म्हणाली, "म्हणजे तेव्हाही वर्गाप्रमाणेच सोडायचे." मी हातातल्या १४ नंबरकडे पाहिलं.

नवऱ्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मोठ्या जहाजाला दोन गोष्टी लागतात. पाण्याखाली त्याचा आठ-नऊ मीटर भाग असतो, म्हणजे त्याहून खोल पाणी धक्क्यापर्यंत हवं. आणि लांबी तीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे धक्काही तेवढा हवा. जुन्या, सुंदर, छोट्या बंदरांत यातलं काहीतरी कमी पडतंच. कधी धक्का असतो, पण त्यावर दुसरं जहाज आधीच येऊन बसलेलं असतं. मग बाहेर नांगर टाकायचा आणि माणसं खेपांनी न्यायची. या बोटी बहुतेक वेळा जहाजाच्या कडेला टांगलेल्या जीवरक्षक बोटीच असतात. त्यांतल्या काहींना जरा बरी बाकं आणि मोठ्या खिडक्या देऊन या कामाला जुंपतात.

साडेनऊ वाजता ६ नंबर पुकारला. पावणेदहाला कॅप्टनचा आवाज आला. मला इंग्रजी कळायच्या आधी सूर कळला. लग्नकार्यात वीज जाणार असेल तेव्हा मांडववाला असा बोलतो. वारा वाढलाय, टेंडर थांबवतोय, पहिल्या खेपेला गेलेल्यांना परत आणतोय, मिकोनोस रद्द.

थिएटरमध्ये एकदम कल्ला झाला. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी किनाऱ्यावर खासगी गाडी ठरवून पैसे आधीच भरले होते. त्या फोनला हात लावून नुसत्या बसून राहिल्या. जहाजाकडून सहल घेतलेल्यांचे पैसे संध्याकाळपर्यंत खात्यात परत आले. आमचेही बंदराच्या कराचे थोडे आले. बाईंच्या गाडीचे गेले ते गेलेच. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे : टेंडरच्या बंदरात बाहेरचं काही ठरवायचं असेल तर आधी पैसे मागणाऱ्याकडे ठरवू नये, आणि सकाळी नऊची वेळ तर मुळीच घेऊ नये.

वर डेकवर गेले तर ऊन लख्ख, आकाश निळंशार. वारा होता, पण टोपी हाताने धरली की झालं, इतपतच वाटत होता. मला तर हे उगाच घाबरणं वाटलं. उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून वाहणाऱ्या या वाऱ्याला मेल्टेमी म्हणतात. आकाशात ढगाचा ठिपका नसताना तो दिवसदिवस घोंघावतो. कठड्याशी उभ्या असलेल्या एका खलाशाने मला खाली बघायला सांगितलं. जहाज आडवं उभं करून त्याच्या आडोशाला बोट लावलेली होती. आडोशात पाणी त्यातल्या त्यात शांत. बोट त्या सावलीतून बाहेर पडली आणि पुढचं टोक दिसेनासं झालं, मग एकदम आभाळाकडे. "न्यायचं अवघड नसतं मॅडम," तो म्हणाला. "संध्याकाळी हजार माणसं तिकडे असली आणि वारा याच्या दुप्पट झाला, तर आणायची कशी?" त्यानंतर मी तक्रार केली नाही.

सँटोरिनीला वारा पडला होता. तिथे गंमत अशी की नांगर टाकायचाही प्रश्नच नाही. प्राचीन ज्वालामुखीच्या स्फोटानंतर खचून झालेला तो खड्डा आहे, त्यात समुद्र शिरलेला. तळ काही ठिकाणी जवळजवळ ४०० मीटर खाली. इतक्या खोलीत नांगराची साखळी पुरणार कशी? आमचं जहाज इंजिनांवर आणि कडेच्या पंख्यांवर एका जागी तोलून उभं राहिलं, भिंगरीसारखं. आणि जहाजाच्या बोटीही खाली आल्या नाहीत. इथे हा धंदा गावच्या बोटवाल्यांचा. त्यांच्याच बोटी जहाजापाशी येतात आणि माणसं नेतात. उघड्या, कडेने बाकं असलेल्या, मोठ्या बोटी.

आम्ही तिघं खाली गेलो. जहाजाच्या पोटात, पाण्याच्या जेमतेम वर, भिंतीतला एक लोखंडी दरवाजा उघडलेला होता आणि बाहेर एक छोटा पाट टाकलेला. तिथवरचा सगळा रस्ता गालिच्याचा, गार हवेचा. त्या दारापाशी मात्र डिझेलचा वास, खाऱ्या पाण्याचे शिंतोडे, ओला दोरखंड. दोन खलाशी पाटावर, दोघे बोटीत. बोटीची कड पाटापेक्षा वीतभर वर यायची, क्षणभर बरोबरीला थांबायची, आणि फूटभर खाली जायची. परत वर. खलाशी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत होते : पंजा देऊ नका, मनगट द्या. ते तुमचं मनगट धरतात, तुम्ही त्यांचं धरायचं. ओले पंजे निसटतात, अशी पकड निसटत नाही. "थांबा... थांबा... आता!" की पाऊल. हातात काही ठेवायचं नाही, पिशवी पाठीला, फोन खिशात. माझ्यापुढच्या माणसाने त्याच घडीला व्हिडिओ काढायचं ठरवलं होतं. खलाशाने काही न बोलता त्याचा फोन काढून त्याच्याच वरच्या खिशात घातला.

आई तीन-चार माणसं जाताना बघत उभी राहिली. मग मागे सरली. "मी नाही येत."

"अगं, ते धरतात ना. चार माणसं आहेत."

"धरतील गं. पण ही पायरी चढायची की उतरायची, हेच ठरत नाहीये. पाय उचलेपर्यंत चढायची असते, टेकवेपर्यंत उतरायची होते. कुठला पाय आधी टाकू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दारातला अधिकारीही मान हलवत म्हणाला की शंका असेल तर आज नकोच. व्हीलचेअरवाले एक आजोबा आमच्या आधी तिथवर येऊन परत फिरले होते. चार पावलं स्वतः टाकता येत असतील तर खुर्ची घडी करून नेतात. विजेवर चालणारी जड खुर्ची या लाटेत उचलायची नाही, हा जहाजवाल्यांचा नियम, आणि कुणाला नेता येईल हे त्या क्षणाचा समुद्र बघून तेच ठरवणार. बुकिंग करताना हे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं, कदाचित त्या आजोबांनाही नसेल. मी थांबते म्हटलं, तर आईने नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही घेऊन जा हो हिला. मी वरून बघते तुम्हाला." आणि लिफ्टकडे चालायला लागली.

पुढचं थोडक्यात. जहाजाच्या सहलीवाले आथिनिओस बंदरात उतरतात, तिथे बस उभ्या असतात. आमच्यासारखे सुटे लोक फिरा नावाच्या गावाच्या कड्याखालच्या जुन्या बंदरात. तिथून वर गावात जायचे तीन रस्ते : केबल कार, खेचरं, किंवा सहाशेच्या घरातल्या पायऱ्या. सकाळी केबल कारच्या रांगेत पाऊण तास गेला, ते ठीक. खरा घोळ उतरताना. त्या दिवशी खाली तीन जहाजं होती आणि प्रत्येकाची शेवटची बोट चार ते पाचच्या मध्ये. सहा-सहा माणसांचे छोटे डबे, आणि रांग गल्लीबोळांतून वळणं घेत दागिन्यांच्या दुकानांपलीकडे गेलेली. सव्वातीनला रांगेत लागलो, पंचवीस मिनिटांत वीस पावलं सरकलो. आमची शेवटची बोट पाचला होती. जहाज धक्क्याला असतं तर 'सुटायच्या अर्धा तास आधी' एवढंच लक्षात ठेवायचं. इथे शेवटची बोट जहाज सुटायच्या तासभर आधी, आणि त्या बोटीपर्यंत पोचायला दुसरी रांग.

आम्ही पायऱ्या उतरलो. पायऱ्या म्हणजे खेचरांच्या खुरांनी घासून गुळगुळीत झालेले दगडी उतार, त्यावर ताजी लीद, आणि समोरून चढणाऱ्या खेचरांची माळ. एका वळणावर मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले तेव्हा समोर खाली आमचं जहाज दिसलं. इतकं जवळ की बाल्कन्या मोजता याव्यात. त्यांतल्या एकीत आई असणार. मध्ये पाणी नसतं तर हाक मारली असती.

साडेचारला बोट मिळाली. खोलीत आलो तर आई बाल्कनीत वही घेऊन बसलेली. तिने दिवसभरात बोटींच्या खेपा लिहून ठेवल्या होत्या. आणखी एक नोंद होती : 'दुपारी १ नंतर बोट कमी हलते.' नोकरीची सवय.

चौथ्या दिवशी कटाकोलो, तिथे धक्का. दार उघडल्यापासून आम्ही तिघं जमिनीवर पोचायला मोजून सहा मिनिटं. नंबर नाही, थिएटर नाही. ऑलिम्पियाचे अवशेष तिथून बसने चाळीसेक मिनिटांवर. जेवायला जहाजात परत आलो, संध्याकाळी पुन्हा गावात फेरी मारली. धक्क्याचं खरं सुख हे. विसरलेली टोपी आणायला परत जाता येतं.

मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरच्या दिवशी आम्ही पहाटेच डेकवर होतो. खाडी आत आत जात राहते, दोन्हीकडे काळे डोंगर, आणि वेरिगेची सामुद्रधुनी आली की जेमतेम साडेतीनशे मीटरच्या फटीतून जहाज सरकतं. पलीकडे पाणी काचेसारखं. गावच्या धक्क्यावर दुसरं जहाज आधीच उभं होतं, म्हणून आमचा नांगर पडला. साखळी सुटल्याचा आवाज पायातून वर आला.

इथे जहाजाच्या स्वतःच्या बोटी. त्या खाली कशा येतात हे आईला बघायचं होतं. डोक्यावर दोन लोखंडी हात बाहेर झुकले, केशरी छपराची बोट त्यांवरून अलगद सुटली, आणि तारांवरून एका लयीत खाली गेली, विहिरीत कळशी सोडावी तशी. पाण्याला टेकल्यावर माणसाने आधी मागची कडी सोडली की पुढची, हे मला दिसलं नाही. आई म्हणते, दोन्ही एकदम. तिचं खरं असावं, तिचं लक्ष होतं.

आम्ही घाई केली नाही. अकराला 'ओपन टेंडर' पुकारल्यावर खाली गेलो. दारापाशी फरशीवर दोन पिवळ्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, त्यांच्यात फूटभर अंतर. काठी असलेल्या माणसांना आधी ते अंतर ओलांडून दाखवायला सांगत होते. आईकडे काठी नव्हती, तरी तिने ते दोनदा ओलांडून दाखवलं, कुणी न विचारता. अधिकाऱ्याने गंभीरपणे मान डोलावली.

बोटीची कड पाटापेक्षा जराशी खाली होती आणि तिथेच राहिली. बोटभर हलत असेल. आई पाटाच्या टोकाला गेली, खाली पाहिलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आज उतरायची आहे." खलाशाने हात पुढे केला. तिने पंजा दिला नाही, त्याचं मनगट धरलं. तोच क्षणभर चकित झाला. "थांबा..." तो म्हणायच्या आत उजवा पाय खाली, मग डावा, आणि ती बाकावर बसलेली. मी मागून उतरले ती अडखळत.

आत छपरापाशी पाटी होती : १५० माणसं. आम्ही शंभरएक असू आणि गुडघ्याला गुडघे लागत होते. "संकटात दीडशे कसे बसत असतील?" आईने विचारलं. नवरा म्हणाला, तेव्हा कुणी पाठपिशव्या आणत नाही. इंजिनाचा धडधडाट, खिडकीला खाऱ्या पाण्याचे ओघळ, आणि दहा मिनिटांत आम्ही कोटोरच्या तटाच्या अगदी पायथ्याशी. शहराचा दरवाजा समोर, रस्ता ओलांडला की आत. डोंगरावरच्या किल्ल्याला हजारावर पायऱ्या आहेत; आईने त्यांच्याकडे एकदा बघून कॉफीची जागा शोधली. दुपारी तीनपर्यंत ती त्या दगडी चौकात मांजरं बघत बसली होती, तिथे मांजरं फार. परतताना पाट बोटीपेक्षा वर. डावा पाय आधी.

क्रोएशियातल्या दुब्रोवनिकला पुन्हा धक्का. आम्ही तिघं खुशीत उतरलो, कार्ड टिंग, सहा मिनिटं. आणि बाहेर आल्यावर कळलं की मोठी जहाजं लागतात ते ग्रूझ बंदर जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटरवर आहे. तटबंदी, बुरुज, चित्रांत दिसतं ते सगळं डोंगराच्या पलीकडे. टेंडरने आणतात तेव्हा म्हणे थेट तटाला लागून असलेल्या जुन्या बंदरात उतरवतात. आता बस. बसची रांग धक्क्याच्या फाटकापासून सुरू होत होती आणि ऊन तापायला लागलं होतं. मागे जहाज एवढं जवळ की त्याची सावली आमच्यापाशी येऊन थांबलेली.

आईने रांग बघितली, जहाज बघितलं, आणि पदराने घाम पुसत विचारलं, "इथलं टेंडर कुणी रद्द केलं?"